साळूचं कोडं आणि गव्याची पगडी

फार पूर्वीची नव्हे, रानात मोबाइलची रेंज आली त्यानंतरची ही गोष्ट.

रानातल्या प्राण्यांनी एक ग्रुप काढला होता. नाव ठेवलं ‘शहाण्यांचा कट्टा’. दर रविवारी सकाळी कुणीतरी एकाने कोडं घालायचं आणि ज्याचं उत्तर सगळ्यांत भारी, त्याने आठवडाभर आपल्या फोटोवर पगडी चढवून मिरवायचं. कोल्हा, कावळा आणि साळू यांच्यात त्या पगडीवरून नुसती चढाओढ चालायची. सगळेच एकमेकांची टिंगल करत, पण सर्वांत जास्त टिंगल व्हायची ती गव्याची. बिचाऱ्याला आजवर एकही कोडं सुटलं नव्हतं. साळूने तर त्याला एकदा सांगून टाकलं होतं की गवादादा, तुम्ही आपलं फक्त गुड मॉर्निंग पाठवत जा. तो खरोखरच रोज पाठवायचा.

एका रविवारी कोडं घालायची पाळी साळूची होती. नेमका त्याच सकाळी टेकडीवरून एक मोठा धोंडा गडगडत आला आणि तिच्या बिळाच्या तोंडावर बसला. आत ती आणि तिची दोन पिल्लं. तिने घाईघाईने ग्रुपवर लिहिलं, "बिळाच्या तोंडावर धोंडा आलाय. आम्ही आत अडकलोय. बाहेर कसं यायचं?"

कट्टा खूश झाला. कोल्ह्याने सुचवलं, धोंड्यालाच आत बोलवा, वाट आपोआप मोकळी होईल. कावळ्याचं म्हणणं पडलं, धोंडा म्हणजे आपला आळस. त्याला वीस अंगठे मिळाले.

"अहो, हे कोडं नाही," साळूने लिहिलं. "पिल्लं गुदमरताहेत."

वा, आता आणखी अवघड केलं, असं कोल्ह्याने कौतुक केलं. तेवढ्यात साळूचा मोबाइल बंद पडला. पिल्लांना कुशीत घेऊन ती रडू लागली. आपल्या हुशारीचा तिला पहिल्यांदाच राग आला.

बऱ्याच वेळाने बाहेर जड पावलं वाजली. कुणीतरी धोंड्याला जोरात रेटा दिला आणि बिळात ऊन आलं. समोर गवा धापा टाकत उभा होता. नदीपलीकडून धावत आला होता.

"दादा, हे खरं आहे हे तुम्हाला कसं कळलं?" साळूने विचारलं.

गवा ओशाळला. "मला कुठं कोडी कळतात, साळूताई? तू लिहिलंस धोंडा आलाय. मला वाटलं, धोंडा आलाय."

त्या आठवड्याची पगडी एकमताने गव्याला मिळाली. फोटोत ती शिंगांमध्ये काही केल्या बसेना, म्हणून एका शिंगालाच अडकवली. त्याच्या गुड मॉर्निंगला आता सर्वांत आधी साळूचं उत्तर येतं.

तात्पर्य: कुणी हाक मारली तर आधी धावत जावं. सगळ्यांत शहाणा कोण, ते परत आल्यावर ठरवता येतं.