दोन बोटांचा जोर

निवृत्त फौजदार धायगुडे यांचा लेक बापाशी भांडून घर सोडून गेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याची मोटरसायकल तेवढी अंगणात राहिली. फाटकापाशी तिचा आवाज ऐकायला कान आसुसले, तेव्हा साहेबांनी दस्तगीर मिस्त्रीला बोलावलं.

टाकीखालच्या खोल भोकातून मिस्त्रीने जुना स्पार्क प्लग काढला. नवा प्लग रबरी नळीच्या टोकाला खोचून आत सोडला आणि दोन बोटांनी नळी हळूहळू फिरवू लागला.

"हा काय पोरखेळ? पाना लाव!" साहेब गरजले.

"प्लग तिरका लागला तर नळी नुसती घसरते, साहेब. पाना रेटत राहतो आणि आटे कायमचे जातात."

"मला शिकवू नकोस! जोर लावल्याशिवाय काही जागेवर येत नाही."

"जोरानं सगळं जागेवर येत असतं," मान वर न करता मिस्त्री म्हणाला, "तर ही गाडी दोन वर्षं उभी का राहिली असती?"

प्लग सरळ बसला, तेव्हाच मिस्त्रीने शेवटचा पीळ पान्याने दिला. चौथ्या किकला गाडी धडधडली. साहेबांनी लेकाला फोन लावला. बोलले काहीच नाहीत, फोन नुसता सायलेन्सरपाशी धरला.

पलीकडून कुणी फोन ठेवला नाही.