दोनदा उघडलेला पिंजरा

जंगल जिथे संपतं आणि खाडीकाठचा मासळीबाजार सुरू होतो, तिथे पालथ्या घातलेल्या एका जुन्या होडीखाली एक कबरी मांजर राहत असे. वय फार नव्हतं, पण वर्षातून तीन-तीनदा पिल्लं घालून ती पार चिपाड झाली होती. या खेपेला चार झाली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात; मुलांनो, हिने आठ दाखवली. मग पुन्हा होडीखाली आली, आणि तरीही तिला वाटत होतं, मघाची बर्फाच्या पेट्यांमागची जागाच बरी होती. आई झालं की असं होतं. त्याला इलाज नाही.

तिच्या भीतीला कारणही होतं. आदल्या वर्षी बाजारातल्या माणसांनी वैतागून मांजरं पोत्यांत भरली आणि खाडीपलीकडे नेऊन सोडली. कबरी तेवढी पत्र्यावर चढून वाचली. महिनाभर बाजार मोकळा राहिला. मग रिकामी जागा आणि इथेतिथे पडलेली माशांची डोकी बघून शेजारच्या वाडीतली मांजरं आली, त्यांना पिल्लं झाली, आणि दिवाळीपर्यंत मांजरं पहिल्याहून जास्त! नेलेल्या मांजरांची पिल्लं मात्र टोपल्यांमागेच राहिली होती. ती तीन दिवस ओरडत होती. चौथ्या दिवशी आवाज थांबला.

यंदा माणसांनी वेगळं ठरवलं. मांजर पिंजऱ्यात धरायचं, डॉक्टरणीकडे न्यायचं, पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून छोटी शस्त्रक्रिया करून घ्यायची, खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापायचं आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. पण हे मांजरांना कोण सांगणार? सांगायला होता एक कावळा. बातमी खरी असो वा नसो, ती सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"पोतं गेलं, पिंजरा आला," कावळा म्हणाला. "आत गेलेलं कुणी परत येत नाही."

"मी आलो की!" शेजारून एक जाडा बोका म्हणाला. "काही नाही गं कबरे, झोप लागली. उठलो तर कानाचं टोक गायब. उलट भारदस्तच दिसतो मी."

"आज कान, उद्या मान," कावळा म्हणाला.

कबरीने दोघांचंही ऐकलं आणि विश्वास ठेवला तो वाईट बातमीवर. चार दिवस ती पिंजऱ्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. पण चार पिल्लांना पाजायचं म्हणजे पोटात काही हवंच. पाचव्या दिवशी बांगड्याच्या वासाने ती आत शिरली आणि मागे खटकन दार पडलं. तिने जाळीवर धडका दिल्या. होडी समोर दिसत होती, आणि होडीखाली डोळे नुकते उघडलेली चार पिल्लं होती.

"सापडली एकदाची!" कोळंबी विकणारी हरकूबाय पदर खोचत आली. "हीच गो ती. दरसाल होडीखाली बाळंतपण मांडते. हिला पहिली ने, डॉक्टरीणबाय."

तरुण डॉक्टरीण पिंजऱ्याशी वाकली. "मावशी, हिचं पोट बघा. सड ओले आहेत. हिची पिल्लं अजून दुधावर आहेत."

"मग? दोन दिवसांत आणून सोडशीलच ना? आज सोडलीस तर परत हाती लागायची नाय. लबाड आहे."

"दोन दिवस पिल्लं काय पितील?"

हरकूबायने वाकून होडीखाली पाहिलं. आदल्या वर्षी त्या टोपल्यांच्या पुढ्यातच तिची बसायची जागा होती. ते तीन दिवस तिने कोळंबी विकत ऐकले होते.

"सोड तिला," ती म्हणाली. "मी बघते. रोज इथंच खायला घालीन. आधी पिंजऱ्याजवळ, मग पिंजऱ्यात, दार न लावता. लागू दे महिना, लागू दे दीड."

दार उघडलं. कबरी बाणासारखी होडीखाली गेली. चारही होती.

"पिंजरा बिघडलेला दिसतो," कावळा म्हणाला.

हरकूबायने शब्द पाळला, पण एकटीने नाही. "माशांची डोकी डब्यात टाका गो! ही मांजरं काय मी एकटीनं जन्माला घातली?" असं ती बाजारभर ओरडत फिरली, तेव्हा कुठे उघड्यावर घाण पडायची थांबली. पाण्याचं भांडं कुणी ठेवलं, नव्या मांजरावर नजर कुणी ठेवली. पिल्लं मासे खाऊ लागली, आईशिवाय उड्या मारू लागली. मग एका दुपारी कबरी नेहमीसारखी पिंजऱ्यात जेवायला गेली आणि या वेळी दार लागलं. ती थरथरली, पण धडका दिल्या नाहीत. दोन दिवसांनी त्याच होडीपाशी दार पुन्हा उघडलं. तिच्या मागोमाग, पुरेशी मोठी झाल्यावर, पिल्लंही एकेक करून जाऊन आली.

पुढच्या उन्हाळ्यात बाजारात मांजरं मोजकी होती आणि उंदरांना तेवढीही पुरेशी होती. वाडीतलं एखादं नवं मांजर यायचं, जागा भरलेली बघून परत जायचं. कबरी अंगाने भरली होती. भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या पायांत, पोट वर करून ती गाढ झोपलेली असायची, आणि हरकूबाय येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "बाजूनं जा गो. खूप वर्षांनी झोपली आहे."

तात्पर्य : नकोसं झालेलं उचलून दूर टाकलं की ते दुप्पट होऊन परत येतं; सगळ्यांनी मिळून, जिवाला जपून आणि थोडं थांबून केलेला उपायच टिकतो.