दगडावरची शेवटची ओळ

"पण बुवा, खोटं कोरलं तर पाप लागतं... एक शब्द नुसता गाळला तर?"

माणदेशातल्या त्या डोंगरावरच्या मठात पाऊल टाकता टाकताच धैर्यशील मास्तरांनी विचारलं. सगळ्या पायऱ्या ते जवळजवळ पळतच चढले होते. हातात लखोटा होता आणि आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

सोनबाबुवा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

"आधी पाणी घे."

मास्तरांनी तांब्या उचलला. खांबाला बुवांची शेळी बांधलेली होती. तिच्या पुढ्यातल्या खापरात त्यांनी आधी पाणी ओतलं. ती प्यायला लागली, तेव्हा कुठे उरलेलं स्वतः घटाघटा प्यायले.

"सापडले, बुवा! पणजोबा सापडले!"

तीन वर्षं मास्तर लष्कराच्या दप्तराला पत्रांवर पत्रं पाठवत होते. पहिल्या महायुद्धात पणजोबा रखमाजी साबळे इराकातल्या बसऱ्याला गेले होते, एवढंच घराला नक्की ठाऊक. तिथे त्यांनी कापलेले तीन शत्रू आजोबांच्या तोंडी सात झाले होते आणि मास्तरांच्या तोंडी अकरा. त्या जोरावर गावाने चावडीपुढे स्मारक करायचं ठरवलं. सहा फुटी काळा दगड येऊन पडला होता, दसऱ्याला तो उभा करायचा होता. नाव कोरून झालं होतं. पाथरवट शेवटच्या ओळीसाठी खोळंबला होता.

"मग वाच की," बुवा म्हणाले.

मास्तर उभ्या उभ्याच वाचू लागले. कागद इंग्रजीत होता, ते मराठीत सांगत गेले.

"नंबर आहे बुवा, नंबर! मुंबईहून बोट सुटली ती तारीख आहे. डाव्या भुवईवर व्रण... वडील सांगायचे तोच! अंगावर काटा येतो, बघा."

"आन् काम?"

मास्तरांनी कागद खाली घेतला.

"...खेचरं हाकणारा."

शेळी खापर चाटत होती.

"बंदूक न्हवती?"

"नव्हती. अकरा सांगून बसलोय, बुवा! गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. म्हणून म्हणतो, कामाचा शब्द गाळतो. नुसतं 'शूर सैनिक' कोरतो."

"आनखी काय लिवलंय?"

"खाली साहेबाचा शेरा आहे. विशेष काही नाही."

"वाच."

"पाणी कमी पडले असता हा इसम आधी जनावरांना पाजतो, मग स्वतः पितो. दोनदा ताकीद दिली, ऐकत नाही. याच्या ताब्यातले एकही खेचर दगावले नाही."

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"मास्तर, मघाशी आल्या आल्या शेळीला का पाजलंस?"

"ती आमच्या घरची रीत आहे. समोर जनावर असलं की आधी..."

"कुनी लावली?"

मास्तरांनी खापराकडे पाहिलं. मग कागदाकडे. पुन्हा खापराकडे. आणि असे काही उडाले की शेळी बिचकून दावं ताणू लागली.

"बुवा! वडील असंच करायचे! आजोबासुद्धा! माझी धाकटी तर कुत्र्याला पाजल्याशिवाय पेल्याला हात लावत नाही!"

त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. इतका आनंद त्यांना लखोटा फोडतानाही झाला नव्हता. कागद कसाबसा खिशात कोंबून ते पायऱ्यांकडे धावले आणि पहिल्याच पायरीवरून मागे वळले.

"पण बुवा... शेवटच्या ओळीत काय कोरू?"

बुवांनी खापरात पुन्हा पाणी ओतलं.

"ओळ ऱ्हाऊ दे. दगड उभा करू नगंस. आडवा घाल, आन् पानी ठरंल असा चांगला वीतभर खोल कोर."