हौसाक्काचा गहू

नदीवर अजून पूल झाला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. आपल्या गावात हौसाक्का नावाची एक विधवा बाई एकटीच शेत कसायची.

एका हिवाळ्यात आभाळ भरून आलं ते हटेचना, आणि गव्हावर तांबेरा पडला. पानांवर तांबडी भुकटी धरली. पिकातून चालणाऱ्याचं धोतर कुंकवात माखल्यासारखं व्हायचं. नदीसुद्धा तांबडी वाहिली, असं म्हणतात.

रायाजी पाटलांनी गाव जमवलं. "सगळा गहू उपटा नि जाळा. नाहीतर ही पीडा गाव सोडायची नाही."

हौसाक्काच्या शेतात मधोमध एक पट्टा मात्र वेगळा होता. तिथल्या पानांवर बारीक ठिपके होते, ठिणगी पडून जळावं तसे. भुकटी कुठंच नव्हती.

"यालाही लागलंच की, अक्का," पाटील म्हणाले.

"लागलं, पण पसरलं नाही. लहानपणी आमच्या वाडीला आग लागली, तेव्हा माझ्या बापानं आपलंच छप्पर ओढून पाडलं. आग तिथंच अडली. हा गहू तेच करतोय. रोग शिरला तेवढी जागा आपणच मारून टाकतोय. रोगाला खायला काही ठेवतच नाही."

"आणि तुझं चुकलं तर?"

हौसाक्कानं पदर खोचला. मग तिनं पट्ट्याभोवतीचं आपलं सगळं पीक स्वतःच्या हातानं उपटलं. त्यातलं बरंचसं अजून हिरवं होतं. उपटताना ती रडत होती. ते बघून पाटलांनी पट्टा राहू दिला.

पुढं तांबडा वारा सुटला. तो पट्ट्यापाशी आला, घुटमळला आणि माघारी वळला, असं म्हणतात.

पट्टा पिकला, सूपभर गहू निघाला. घरात दुसरा दाणा नव्हता, तरी तिनं तो दळला नाही. रानातला पाला शिजवून खाल्ला आणि घरटी मूठमूठ बी वाटलं. पाटलांनी आपली मूठ पागोट्याच्या शेवात बांधून नेली. हळूहळू त्याच बियाण्यानं शिवार पुन्हा भरलं.

पण तांबेराही हट्टी. काही वर्षांनी तो त्या गव्हालाही लागला. हौसाक्का तेव्हा पार थकली होती. "कुणीतरी तग धरून असेलच," म्हणत ती काठी टेकत पिकात शिरली. बांधावरच्या बायकांना तिचं पांढरं डोकं ओंब्यांमधून हलताना दिसत होतं. मग ते दिसेनासं झालं. ती बाहेर आलीच नाही, असं म्हणतात. शोधायला गेलेल्यांना तिच्या वाटेवर ठिपक्याठिपक्यांची, पण हिरवीगार रोपं सापडली.

अजूनही पौषात आभाळ भरून आलं की आपल्याकडच्या बायका गव्हात उतरतात. ठिपके पडूनही हिरवं राहिलेलं रोप दिसलं की त्याला चिंधी बांधतात. त्याची ओंबी दळायची नाही. तिचं बी आधी शेजाऱ्याला द्यायचं, मग आपण पेरायचं. आणि चिंधी बांधून झाली की उभ्या पिकाकडे तोंड करून हाक घालायची, "अक्का, सापडलं गं!"