निर्दोषाला वकील कशाला?

सोनगिरी दरबारचा रिवाज असा, की आरोपीनं तोंड उघडायचं नाही. त्याच्या वतीनं वकिलानं बोलायचं. गरिबांच्या वकिलांना पगार खजिन्यातून मिळे. दिवाणसाहेबांनी तो बंद केला, तेव्हा वकिलांनीही उभं राहणं सोडलं.

त्या दिवशी गेनू गवंड्याची पाळी होती. सरकारी कडब्याची गंजी पेटवल्याचा आळ, आणि शिक्षा हत्तीच्या पायी देण्याची. बाहेर हत्तीची साखळी खळखळली, की गेनूची नजर दाराकडे जाई. आगीच्या दिवशी तो परगावी होता, पण हे सांगणार कोण?

"सरकार, वकिलांचा पगार चालू करा," म्हाताऱ्या त्र्यंबकपंत वकिलांनी महाराजांना विनवलं. "आज याच्यासाठी मी फुकट उभा राहीन. माझ्यामागे कोण राहील?"

दिवाणसाहेब हसले. "निर्दोषाला वकील कशाला? सत्य आपणहून बोलतं."

"मग माझी फिर्याद घ्या, सरकार. गंजी दिवाणसाहेबांनीच पेटवली."

दिवाणसाहेब उसळले, "सरकार, हा म्हातारा..."

चोपदारानं काठी आपटली. "आरोपीनं बोलायचं नाही!"

दिवाणसाहेबांनी दरबारातल्या बाकीच्या वकिलांकडे पाहिलं. एकही जागचा हलला नाही. बाहेर पुन्हा साखळी वाजली, आणि गेनूला दिसलं, दिवाणसाहेबही दाराकडेच बघताहेत.

त्र्यंबकपंतांनी हात जोडले. "फिर्याद मागे घेतो, सरकार. दिवाणसाहेब निर्दोष आहेत. पण त्यांचं सत्य बोललेलं काही मला ऐकू आलं नाही."

"आता बोला, दिवाणजी," महाराज म्हणाले.

"पगार... आजपासून चालू," दिवाणसाहेब कसेबसे म्हणाले. नजर अजून दारावरच होती.