बंद पेटीसमोरची शपथ

सकाळी आठ वाजता, मॉस्कोतल्या राजवाड्याच्या चर्चमध्ये नव्या झारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ सुरू झाली. शेजारीच त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे कालपर्यंतच्या झारची, शवपेटी होती. खिळे ठोकून बंद. पोटदुखीने गेले, असं जाहीर झालं होतं आणि एकाही शूर सरदाराला त्यावर शंका नव्हती. सगळ्यांनी रांगेने क्रॉसचं चुंबन घेऊन शपथ घेतली. म्हातारा पहारेकरी नझार मात्र जागचा हलेना.

“शपथ घे, नाहीतर फासावर जाशील!” नवा झार गरजला.

“घेतो की, महाराज. पण आधी मेलेल्या धन्याच्या कपाळाचं शेवटचं चुंबन, ही आपली रीत. पेटी उघडा.”

“माझ्या शब्दावर विश्वास नाही?”

“आहे हो. पण आपल्याकडे मेलेले झार परत येतात. उद्या एखादा तोतया ‘मीच तो’ म्हणत फौज घेऊन आला, तर तो खोटा म्हणून साक्ष कोण देणार? इथे चेहरा पाहिलाय कुणी?”

धर्मगुरूने नकळत मान डोलावली. सरदार पेटीकडे बघू लागले. आता म्हाताऱ्याला लटकवणं म्हणजे पेटीत काय आहे ते शहरभर सांगणं होतं.

झारने घाम पुसला. “वय झालंय त्याचं. शपथ माफ. घरी जाऊ द्या.”

नझार जिवंत घरी पोचला. पोटदुखीने मेलेल्या माणसाचा चेहरा का झाकावा लागला, याचा खुलासा दरबाराने अजून केलेला नाही.