खंडूच्या मानेवरचं गजकर्ण

निम्मं केसांत आणि निम्मं मानेवर उठलेल्या गजकर्णाला काय म्हणायचं? गेनूने हे डॉक्टरीणबाईंना विचारलं, कंपाउंडरला विचारलं, परत येताना एसटीच्या कंडक्टरलाही विचारलं. कोणी सांगितलं नाही.

एका गावात हा भोळा गेनू राहत होता. मिशा आल्या होत्या, अक्कल अजून वाटेत होती. त्याचा थोरला भाऊ खंडू पैलवान. तालमीच्या मातीत लोळून लोळून खंडूच्या मानेवर गजकर्ण उठलं. जत्रेची कुस्ती तोंडावर आलेली, आणि अंगावर असलं काही दिसलं की पंच आखाड्यात उतरू देत नाहीत. खंडूला तालीम सोडवेना. त्याने गेनूला तालुक्याला पिटाळलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कुठे झालंय?”

“घरी.”

“अरे, अंगावर कुठे? नाव जागेवरून पडतं. डोक्यात झालं तर टिनिया कॅपिटिस. अंगावर टिनिया कॉर्पोरिस. जांघेत टिनिया क्रुरिस. पायाच्या बोटांत टिनिया पेडिस, त्याला तुम्ही चिखल्या म्हणता. बुरशी तीच. जागा बदलली की नाव बदललं.”

तेव्हाच गेनूने तो प्रश्न विचारला. बाईंनी मलमाची नळी त्याच्या हातात दिली, “बुरशीवर लावा” म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

गेनू घरी आला तर ओट्यावर पंच बसलेले. कुस्ती जोडायला आले होते.

“खंडू पैलवान कुठाय?”

“घरात असला तर खंडू,” गेनू म्हणाला. “तालमीत असला तर पैलवान. आत्ता तो डबा घेऊन ओढ्याकडे गेलाय. तिथलं नाव विचारून येतो.”

आणि गेला की ओरडत! खंडू अर्ध्यातूनच उठून आला.

“गेन्या, गाढवा! माणूस कुठेही गेला तरी तोच असतो!”

“बरं, दादा.”

दुसऱ्या दिवशी आईने लोणच्याची बरणी उघडली. “अगं बाई, बुरशी आली की!”

बुरशी तीच, फक्त जागा बदललेली. गेनूने अख्खी नळी बरणीत पिळली आणि मलम वर बोटाने सारखं केलं. दुपारी खंडूने भाकरीबरोबर पहिली फोड तोंडात टाकली.

“गेन्या, गाढवा!”

“बाईंनी सांगितलं तसंच केलं, दादा.”

गेनू पुन्हा तालुक्याला. बाईंनी कपाळाला हात लावला. मग दुसरी नळी देऊन एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “फक्त भावाला लाव. कडेने दोन बोटं बाहेरपर्यंत लाव. दिसेनासं झालं तरी थांबायचं नाही, पुढे दोन आठवडे लावत राहायचं. आणि तोवर कोणाला शिवू द्यायचं नाही. कळलं?”

“कळलं.”

गेनूने मलम लावलं. खंडू ओरडला तरी लावलं, झोपला तरी लावलं. जत्रेपर्यंत डाग दिसेनासा झाला. पंचांनी मान पाहिली आणि खंडूला आत सोडलं. हलगी कडाडली. समोरच्या पैलवानाने पुढे होऊन खंडूच्या मानेवर हात टाकला.

“शिवू नको!” गेनू आखाड्यात घुसला. “दोन आठवडे व्हायचेत!”

त्याने पैलवानाला मागे ओढलं. पैलवान जागेवरच राहिला, लंगोट गेनूच्या हातात आला. सगळी जत्रा मातीत लोळून हसली. कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली.

“गेन्या, गाढवा!” खंडू म्हणाला. त्यालाही हसू आवरेना. त्याने गेनूला खांद्यावर बसवून घरी आणलं. खांद्यावर बसल्या बसल्या गेनूने त्याच्या मानेला मलम लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उसाची ट्रॉली ओढ्यात उलटली. खंडू तिच्याखाली होता.

दहाव्याला सगळे नदीवर जमले. गुरुजी म्हणाले, “आता त्याला खंडू म्हणायचं नाही. प्रेत म्हणायचं. बाराव्यानंतर पितर.”

“म्हणजे जागा बदलली,” गेनू म्हणाला. “माणूस तोच.”

गुरुजींनी पुढचा मंत्र धरला.

पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. खंडूची काही इच्छा राहिली असणार, असं जो तो म्हणू लागला. मामा पुढे झाला, “खंड्या, आईला मी बघतो.” वस्ताद म्हणाले, “तुझी गदा तालमीतून हलू देणार नाही.” कावळे बाभळीवरून हलेनात. आई पदर तोंडाशी धरून म्हणाली, “काय राहिलं रे बाळा?”

काय राहिलं ते गेनूला माहीत होतं. त्याने खिशातून नळी काढली आणि पिंडाला मलम लावलं. कडेने दोन बोटं बाहेरपर्यंत लावलं. गुरुजींची पळी हातातच राहिली.

तेवढ्यात एक कावळा खाली उतरला. सगळ्यांनी हात जोडले. कावळ्याने चोच पुढे केली.

“हाऽऽड!” गेनू ओरडला. “शिवायचं नाही! दोन आठवडे व्हायचेत अजून!”

कावळा उडाला. बाभळीवरचे बाकीचेही उडाले.

सगळे गेनूकडे बघत राहिले. गेनूही जरा थांबला. पण गाढवा कोणीच म्हणालं नाही.

मग त्याने बाभळीची एक फांदी मोडून घेतली, पिंडाशेजारी मांडी घालून बसला आणि अंधार पडेपर्यंत एकाही कावळ्याला दादाला शिवू दिलं नाही.